युरोपचा इतिहास, १४५३ ते १७८९: परीक्षेआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत बी. ए.च्या मुलांना इतिहास शिकवते आणि त्यांचे पेपरही तपासते. परीक्षा महिन्यावर आली की स्टाफरूमच्या दारात, स्टेशनच्या पुलावर आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येतात. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली असतात. कुणी सकाळी कॉलेज करून दुपारी दुकानात काम करतं, कुणी बदलापूरहून उभ्यानं प्रवास करत येतं. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

हा पेपर नक्की कुठून कुठपर्यंत असतो?

ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं ते १४५३ आणि फ्रेंच राज्यक्रांती झाली ते १७८९, या दोन सनांच्या मधला काळ. काही ठिकाणी सुरुवात १४९२ पासून धरतात, काही ठिकाणी १६४८ ला पेपर थांबतो. मुंबईत आता बरीच कॉलेजं स्वायत्त झाली आहेत. दोन स्टेशनांच्या अंतरावरच्या दोन कॉलेजांत पोर्शनही वेगळा असतो आणि मार्कांची विभागणीही. त्यामुळे सीनियरच्या वहीआधी स्वतःच्या सिलॅबसची झेरॉक्स काढून टेबलासमोर चिकटवा.

पोर्शन अफाट आहे आणि हातात पंधराच दिवस आहेत. सुरुवात कुठून करू?

मधून करा. मी हे प्रत्येक वर्गाला सांगते आणि पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. पहिल्या धड्यापासून सुरू केलं की रेनेसान्सच्या चित्रांत आणि पुतळ्यांत चार दिवस जातात आणि सतराव्या शतकापर्यंत कुणी पोचतच नाही.

धर्मसुधारणा चळवळीपासून, म्हणजे सोळाव्या शतकात मार्टिन लूथर या जर्मन धर्मगुरूनं कॅथलिक चर्चला दिलेल्या आव्हानापासून सुरुवात करा, कारण तिथून दोन्हीकडे वाटा फुटतात. लूथर समजून घ्यायचा तर मागे जावं लागतं: छापखाना, मानवतावादी विद्वान, पोपची बांधकामं आणि त्यांचा खर्च. पुढे गेलात की फ्रान्समधली यादवी, नेदरलँड्सचं स्पेनविरुद्धचं बंड, तीस वर्षांचं युद्ध आणि त्यातून वर आलेली निरंकुश राजेशाही ओळीनं भेटते. या कण्याला पाच दिवस द्या. नंतर तीन दिवस पैशाला: अमेरिकेतली चांदी, वाढत्या किमती, व्यापारी कंपन्या. दोन दिवस विज्ञानाला, दोन इंग्लंडला. उरलेले तीन दिवस फक्त लिहून पाहायला ठेवा. हे शेवटचे तीन दिवस मुलं हमखास वाचनात घालवतात. तसं करू नका.

सन पाठ होत नाहीत. काय करू?

तुम्हाला आधीच माहीत असलेल्या सनांना ते बांधा. शाळेपासून तुम्ही मराठ्यांचा आणि मुघलांचा इतिहास शिकला आहात. ती खुंटी पक्की आहे, तिच्यावर युरोप टांगा.

१५२६ म्हणजे पानिपतची पहिली लढाई. त्याच वर्षी मोहाचच्या रणांगणावर ऑटोमन तोफांपुढे हंगेरीचा राजा पडला. १५५६ ला अकबर गादीवर आला, त्याच वर्षी स्पेनमध्ये दुसरा फिलिप. औरंगजेबाचा जन्म १६१८ चा, आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं तेही १६१८ लाच. शिवाजी महाराज १६३० ला जन्मले, त्याच वर्षी स्वीडनचा राजा गुस्ताव्हस अडॉल्फस सैन्य घेऊन जर्मन किनाऱ्यावर उतरला. अफझलखानाचा वध नोव्हेंबर १६५९ चा, आणि फ्रान्स व स्पेनमधला पिरेनीजचा तहही त्याच नोव्हेंबरातला. १७०७ ला औरंगजेब गेला आणि इंग्लंड व स्कॉटलंड यांचं एक राज्य झालं.

असे वीसेक सन पक्के झाले की पुरे. एखाद्या घटनेचं नेमकं साल आठवलं नाही तर चुकीचं ठोकून देण्यापेक्षा ‘सतराव्या शतकाच्या मध्याला’ असं लिहा. त्यानं उत्तराला काही होत नाही. १६४८ च्या जागी १८४८ लिहिलंत तर मात्र आधी लिहिलेल्या चांगल्या परिच्छेदाबद्दलही शंका येते.

‘जर्मनीचा राजा’ असं लिहिलं तर चूक आहे का?

या पेपरात आजच्यासारखा जर्मनी किंवा इटली नावाचा देशच नव्हता. पवित्र रोमन साम्राज्य होतं: शेकडो लहानमोठी संस्थानं, स्वतंत्र नगरं, बिशपांच्या जहागिऱ्या, आणि वर इलेक्टर म्हणजे निर्वाचक मंडळींनी निवडलेला सम्राट. ब्रिटिश काळातल्या महाराष्ट्राचा जुना नकाशा पाहिला असेल तर कल्पना येईल. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड, प्रत्येकाची हद्द वेगळी आणि एकाच गावाच्या चारी दिशांना चार राज्यं. तशी अवस्था खूप मोठ्या मुलखावर पसरलेली मनात आणा. ‘जर्मन प्रदेश’, ‘इटालियन नगरराज्ये’ असं लिहा. आणि एकदा तरी १५५० च्या सुमाराचा नकाशा हातानं काढा, कितीही वाकडा आला तरी चालेल. तो काढल्याशिवाय तेव्हाचा सम्राट पाचवा चार्ल्स याची डोकेदुखी कळत नाही.

धर्मसुधारणा चळवळीची कारणं मी पानभर लिहितो, तरी मार्क अर्धेच पडतात. का?

कारण बहुतेक वेळा प्रश्न कारणांचा नसतो. ‘कारणे सांगा’, ‘ही चळवळ यशस्वी का झाली’, ‘स्वरूप स्पष्ट करा’, ‘परिणामांची चर्चा करा’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. मुलं चौघांनाही एकच पाठ केलेलं उत्तर देतात: चर्चमधला भ्रष्टाचार, पापक्षमापत्रांची (पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांची) विक्री, तिच्याविरुद्ध लूथरनं लिहिलेले पंच्याण्णव मुद्दे.

यशाचा प्रश्न घेऊ. भ्रष्टाचार हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण भ्रष्टाचार शंभर वर्षांपूर्वीही होता. बोहेमियाच्या यान हुसनं साधारण याच तक्रारी केल्या आणि १४१५ ला त्याला कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळलं. लूथरनं ३१ ऑक्टोबर १५१७ ला आपले मुद्दे आर्चबिशपला पाठवले आणि तो १५४६ पर्यंत जगला, अंथरुणात मेला. मग मधल्या शंभर वर्षांत बदललं काय? उत्तराची पहिली ओळ ही असली पाहिजे.

तीन गोष्टी बदलल्या होत्या. माइन्झमध्ये गुटेनबर्गचा छापखाना १४५० च्या दशकात सुरू झाला होता. हुसची पत्रकं हातानं नकलावी लागत, लूथरची काही आठवड्यांत जर्मन गावागावांत पोचली. दुसरी गोष्ट म्हणजे आश्रय. सॅक्सनीचा निर्वाचक फ्रेडरिक याला आपल्या विद्यापीठाचा प्राध्यापक दुसऱ्या कुणी जाळावा हे मान्य नव्हतं. १५२१ च्या वर्म्सच्या सभेनंतर त्यानं लूथरला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं, आणि तिथेच नव्या कराराचं जर्मन भाषांतर झालं. ते १५२२ ला छापलं गेलं. तिसरी गोष्ट सम्राटाची. पाचव्या चार्ल्सला लूथरचा बंदोबस्त करायचा होता, पण फ्रान्सशी इटलीत लढाई चालू होती आणि १५२९ ला तुर्क थेट व्हिएन्नाच्या तटापर्यंत आले. तुर्कांशी लढायला त्याला त्याच जर्मन राजांचा पैसा हवा होता, ज्यांच्यातले काही लूथरच्या बाजूचे होते.

एवढं लिहून झालं की शेवटी १५२५ आणा. शेतकऱ्यांनी बंड केलं, लूथरच्या शब्दांचा आधार घेतला, आणि लूथर राजांच्या बाजूनं उभा राहिला. म्हणजे ज्या आश्रयामुळे चळवळ वाचली त्याच आश्रयानं तिची मर्यादाही ठरवली. हे वाक्य ज्या उत्तरात सापडतं ते उत्तर मी दुसऱ्यांदा वाचते, आनंदानं.

लूथरची तुलना आपल्या संतांशी करू का?

भाषेपुरती करा. धर्मग्रंथ लोकांच्या बोलीत आणणं हा मुद्दा दोन्हीकडे आहे, आणि एकनाथ (१५३३ ते १५९९) तर अगदी त्याच शतकातले. पण लूथरची चळवळ राजांनी उचलली, त्यातून वेगळी चर्च उभी राहिली, युद्धं झाली. वारकरी परंपरेचा मार्ग तो नव्हता. ‘लूथर म्हणजे युरोपचे तुकाराम’ अशी वाक्यं दरवर्षी येतात. त्यांनी दोघांवरही अन्याय होतो.

तीस वर्षांच्या युद्धात कोण कुणाच्या बाजूनं, हेच कळत नाही.

हा गोंधळच त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीतून खाली फेकलं. तिघेही वाचले. इथून बोहेमियाचा टप्पा, मग डेन्मार्कचा, मग स्वीडनचा, आणि १६३५ पासून उघडपणे फ्रान्सचा. हे चार टप्पे क्रमानं आले तरी चालतं. लढायांची यादी नको.

खरा मुद्दा आहे रिशल्यू. तो कॅथलिक चर्चचा कार्डिनल आणि फ्रान्सचा मुख्य मंत्री. फ्रान्समध्ये त्यानं प्रोटेस्टंट ह्यूगेनॉटांचं ला रोशेल बंदर वेढा घालून पाडलं, आणि तीनच वर्षांनी, १६३१ ला, प्रोटेस्टंट स्वीडनला कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढायला पैसे द्यायचा करार केला. सम्राटाच्या हॅब्सबुर्ग घराण्याच्या मुलखांनी फ्रान्स वेढलेला होता आणि त्याला तो वेढा तोडायचा होता. ‘हे युद्ध धार्मिक होते की राजकीय?’ असं आलं की एक बाजू धरून बसू नका. सुरुवातीला धर्म पुढे होता, १६३५ पर्यंत सत्तेचं गणित पुढे आलं, आणि मारल्या गेलेल्या माणसांना दोन्हींतला फरक कळायचं कारण नव्हतं, असं लिहा. १६३१ ला माग्डेबुर्ग शहर लुटलं आणि जाळलं गेलं तेव्हा वीस हजारांच्या आसपास माणसं मेली. युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाची कलमं लिहिण्याआधी हा आकडा लिहा. तह कशासाठी हवा होता ते मग वेगळं समजावावं लागत नाही.

मराठीतून लिहिलं तर मार्क कमी मिळतात का?

माझ्याकडून नाही, आणि मराठीतून पेपर तपासणाऱ्या माझ्या ओळखीच्या कुणाकडूनही नाही. नुकसान होतं ते शब्दांच्या गोंधळानं. सगळ्यात मोठा घोळ ‘प्रबोधन’ या शब्दाचा. काही मराठी पुस्तकं पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या रेनेसान्सला प्रबोधन म्हणतात, काही अठराव्या शतकातल्या व्होल्तेर-दिदेरोच्या एनलायटनमेंटला. दोन्ही पुस्तकं वाचलेली मुलगी एकाच उत्तरात मायकेलएंजेलो आणि व्होल्तेरला शेजारी बसवते. चूक तिची नसते, पण मार्क तिचेच जातात. तुम्ही पहिल्याला ‘रेनेसान्स’ किंवा ‘पुनरुज्जीवन’ म्हणा, दुसऱ्याला ‘ज्ञानोदय’, आणि पहिल्याच वाक्यात शतक लिहा. प्रश्नपत्रिकेत नुसतं ‘प्रबोधन’ आलं तर शेजारचा इंग्रजी प्रश्न वाचा, तिथे नेमका शब्द असतो.

दुसरा शब्द ‘हुकूमशहा’. चौदावा लुई हुकूमशहा नव्हता. तो निरंकुश राजा होता, आणि त्यालाही सरदारांचे हक्क, प्रांतांच्या सवलती, कर वसूल करणाऱ्या ठेकेदारांची मर्जी सांभाळावी लागे. ‘मी म्हणजेच राज्य’ हे वाक्य त्याच्या तोंडी घातलं जातं, पण तो तसं म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही. ते सिद्ध विधान म्हणून लिहू नका.

नावं कशी लिहायची याची फार काळजी नको. लूथर लिहा किंवा ल्यूथर, संपूर्ण पेपरात एकच ठेवा.

वैज्ञानिक क्रांतीवर टीप आली तर?

कोपर्निकस १५४३, गॅलिलिओवरचा खटला १६३३, न्यूटनचा मुख्य ग्रंथ १६८७. हे तीन खांब. पण ‘अंधार गेला, उजेड आला’ असं लिहू नका. चेटकीण ठरवून बायकांना मारण्याचा कहर मध्ययुगातला, असं मुलं लिहितात. तो याच काळातला आहे, साधारण १५६० ते १६५० मधला, आणि एकूण चाळीस ते साठ हजार माणसं त्यात मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे दाखवणाऱ्या केप्लरच्या स्वतःच्या आईवर चेटकीण म्हणून खटला झाला. तिला वर्षभराहून जास्त कैदेत ठेवलं होतं. केप्लरनं जातीनं तिचा बचाव लढवला आणि १६२१ ला ती सुटली. एवढ्या एका गोष्टीतून ते शतक कळतं.

या सगळ्याचा मुंबईशी काय संबंध? आम्ही हे का शिकायचं?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण बहुतेक वेळा तो रागानं विचारलेला असतो.

मुंबई पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, हे आपण चौथीपासून ऐकतो. पण का दिली? पोर्तुगाल १५८० पासून साठ वर्षं स्पेनच्या राजाखाली होता. १६४० ला त्यानं ते जोखड झुगारलं आणि पुढची अठ्ठावीस वर्षं स्पेनशी लढाई चालली. लढायला मित्र हवा होता. म्हणून १६६१ च्या करारानं राजकन्या कॅथरिन इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिली, सोबत टँजियर, मुंबई आणि रोख रक्कम. बदल्यात इंग्लंडनं पोर्तुगालला लष्करी मदत करायची. आपलं शहर युरोपच्या सत्तासंतुलनातला एक मोहरा होतं.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. इंग्रज जहाजं १६६२ ला ताबा घ्यायला आली तर इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी नकार दिला. करारात नुसतं बेट होतं की साष्टी आणि ठाणंही, यावर वाद झाला. इंग्रज शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकले आणि बहुतेक रोगराईनं मेले. ताबा मिळाला १६६५ ला. आणि १६६८ ला राजानं हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. व्यापारी कंपनी आणि राज्यसत्ता यांच्या नात्यावर प्रश्न आला तर ॲमस्टरडॅमच्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या उदाहरणाशेजारी हे लिहा.

आणखी दोन माणसं सांगते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, मूळ ज्यू घराण्यातला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ ला गोव्यात छापलं गेलं. तो मेल्यावर इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं, त्याची हाडं १५८० ला थडग्यातून उकरून जाळली. दुसरा टॉमस स्टीफन्स, इंग्लंडमधला कॅथलिक. राणी एलिझाबेथच्या प्रोटेस्टंट राज्यातून निघून तो रोममध्ये जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) झाला, १५७९ ला गोव्यात आला आणि तिथे त्यानं मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ ला छापलं गेलं. प्रति-धर्मसुधारणेत, म्हणजे प्रोटेस्टंटांना उत्तर म्हणून कॅथलिक चर्चनं चालवलेल्या चळवळीत, जेझुइटांनी स्थानिक भाषांचा कसा उपयोग केला, यासाठी तुमच्याजवळ मराठीतलंच उदाहरण आहे. गाईडमध्ये ते नसतं.

एखादा रविवार मोकळा काढता आला तर वसईच्या किल्ल्यात जा. जेझुइट, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन अशा तिन्ही पंथांच्या चर्चचे अवशेष एकाच तटाच्या आत आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ ला घेतला तोच हा किल्ला. एवढे वेगवेगळे पंथ एका गावात काय करत होते, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर आपोआप पडतो.

गाईड वाचून पास होता येईल का?

येईल. पण गाईडमधला एक परिच्छेद शंभर पेपरांत जसाच्या तसा येतो, आणि शंभराव्या वेळी तो वाचताना परीक्षकाचं मन कुठे असेल याचा विचार करा. गाईडचा उपयोग पोर्शनची रूपरेषा कळण्यापुरता करा. एखादी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यातल्या युरोपच्या नोंदी भक्कम आहेत.

घरी जागा नाही. अभ्यास कुठे करू?

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही, हे मला माहीत आहे. वॉर्डातली किंवा मंडळाची अभ्यासिका शोधा. परळ, लालबाग, दादर भागात त्या अजून आहेत आणि रात्री उघड्या असतात. कॉलेजची लायब्ररी तर आहेच. गाडीत बसायला मिळत नसेल तर प्रवासात वाचू नका, आठवा: ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत धर्मसुधारणेची कारणं, कुर्ल्यापासून दादरपर्यंत परिणाम. जिथे अडेल ते उतरल्यावर पाहा.

टिपा किती मोठ्या लिहू?

पाच मार्कांना पाऊण ते एक पान. कोण, केव्हा, कशामुळे, आणि त्यानं काय बदललं. प्रस्तावना नको.

पुरवण्या जास्त लावल्या तर मार्क वाढतात का?

नाही. वेळ मात्र जातो. मार्कांच्या हिशेबानं प्रत्येक प्रश्नाला मिनिटं ठरवा आणि ती संपली की अर्ध्या वाक्यावरसुद्धा पुढे जा. चार चांगली उत्तरं आणि एक कोरं पान, हे दृश्य मला फार वेळा पाहावं लागतं.

माझी या विषयात केटी लागली आहे, म्हणजे नापास झाल्यानं हा पेपर पुन्हा द्यायचा आहे. पुन्हा तेच वाचू का?

आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा. मुदत थोडी असते, निकालाच्या आठवड्यातच चौकशी करा. ती हातात आली की दुखेल, तरी प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून वाचा आणि प्रत्येक उत्तराच्या समासात एकच गोष्ट लिहा: विचारलं काय होतं आणि मी सांगितलं काय. एका मुलीनं माझ्यासमोर बसून हे केलं होतं. पाचपैकी तीन उत्तरांत तिनं ‘परिणाम’ विचारलेले असताना ‘कारणं’ लिहिली होती. तिला युरोप येत होता. आम्ही पुढचा महिना नवीन काही वाचलं नाही, जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या आणि फक्त प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारून पहिली तीन वाक्यं लिहीत गेलो. रोज चार प्रश्न, बारा वाक्यं.